कितव्या नंबरचा, यावरून पोरगा सराईत ठरत नाही

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात एक मेसेज तीनदा फिरला. 'दुसरा मुलगा गुन्हेगार होतो, हे परदेशात सिद्ध झालंय. भावंडं जास्त तितका धोका जास्त. आणि असा पोरगा एकदा आत गेला की पुन्हा पुन्हा जाणारच.' खाली सिडको-सातपूरच्या कामगार वस्त्यांतल्या पोरांना नावं ठेवणं सुरू.

अभ्यास खरा आहे, डेन्मार्क आणि फ्लोरिडातला. एकाच घरातल्या भावांत दुसऱ्या मुलाला शाळेत शिक्षा होण्याची किंवा त्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत जाण्याची शक्यता थोरल्यापेक्षा २० ते ४० टक्क्यांनी जास्त दिसली. याचा अर्थ शंभरातले चाळीस बिघडले असा नाही! समजा, शंभर थोरल्यांतले पाच अडकले, तर दुसऱ्यांतले सहा किंवा सात. बाकीच्या त्र्याण्णवांबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. संशोधकांनी बोट ठेवलं ते आईबापांच्या वेळेवर. धाकटं झालं की आईच्या बाळंतपणाच्या रजेत थोरल्यालाही आई पुन्हा घरी मिळते. धाकट्याला तशी दुसरी रजा मिळत नाही.

भावंडांच्या संख्येचं म्हणाल तर लंडनच्या ४११ मुलांचा १९६१ पासून चाललेला अभ्यास आहे. दहाव्या वर्षापर्यंत चार किंवा जास्त भावंडं असलेल्यांना किशोरवयात कोर्टात शिक्षा होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं, हे मान्य. पण त्याच अभ्यासात सगळ्या शिक्षांपैकी निम्म्या जेमतेम सहा टक्के कुटुंबांत होत्या. मग बाकीच्या भरल्या घरांवर संशय कशासाठी?

मेसेजमधलं तिसरं वाक्य, 'एकदा आत गेला की पुन्हा पुन्हा जाणारच', मला सगळ्यात जास्त लागलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वाढलेल्या, १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या पोलीस नोंदी तपासल्या गेल्या. एकदा नोंद झालेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची अठराव्या वर्षापर्यंत दुसरी नोंद झालीच नाही. निम्म्याहून अधिक गुन्हे ६२७ जणांचे होते. पुन्हा गुन्हा होतो त्यामागे पहिला गुन्हा किती लहान वयात झाला, संगत कुणाची, व्यसन आहे का, हाताला काम आहे का, हे मोठं असतं. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही 'नव्याने सुरुवात' हे तत्त्व आहे: अपवाद सोडले तर मुलाच्या जुन्या नोंदी पुसायच्या. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात त्या उंटवाडीच्या निरीक्षणगृहातून घरी परतलेल्या पोराला गॅरेजमध्ये कामाला घ्यायचं की नाही, हे असले मेसेज वाचून ठरायला लागलं तर त्या कायद्याला अर्थ काय?

दोन मुलगे असलेल्या एका शेजारणीनं रात्री मला वेगळा मेसेज केला, "ताई, धाकट्याचं खरंच असं होतं का गं?" तिला लिहिलेलं उत्तर ते हेच.