खिशातलं घड्याळ आणि जमिनीवरचा मी

जुन्या घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून निसटला की तो पडत नाही, प्रस्थान करतो. चिमट्याची टोकं एकमेकांवर नीट बसत नसली आणि धास्तीने आपण जरा जास्त दाबलं, की 'टिक्' असा आवाज येतो आणि स्क्रू या घराशी असलेले सगळे संबंध तोडून निघून जातो. मग चारचौघांत बऱ्यापैकी मान असलेला एक गृहस्थ पोटावर आडवा होऊन, बॅटरीचा झोत फरशीला समांतर मारत सरपटू लागतो. झोत असा मारला की धुळीच्या कणाचीही लांबलचक सावली पडते. पद्धत उत्तम आहे. तिच्यामुळे मला आजवर टाचण्या, शर्टाची बटणं, कानातल्याचा मळसूत्री फिरकीचा तुकडा आणि कुणाचा तरी दुधाचा दात सापडला आहे.

"काय शोधताय?"

"स्क्रू."

"डोक्यातला?"

हा विनोद आमच्याकडे आता 'जेवायला चला'इतका रुळलाय. त्यावर हसणंही आम्ही सोडून दिलंय.

घड्याळ चांदीचं, किल्लीचं, एकोणिसाव्या शतकातलं, इंग्लंडात घडवलेलं. मागचं झाकण उघडलं की आत सरकारमान्य छाप दिसतात. चालणारा सिंह म्हणजे हजारात 925 भाग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. त्या शहरापासून समुद्र चांगला लांब आहे, पण तिथल्या चांदीवर 1773पासून नांगरच उमटतो. माझा जीव मात्र या छापांच्या खालच्या मजकुरावर. भिंग लावल्याशिवाय न दिसणारी, सुईने ओरखडलेली आद्याक्षरं आणि आकडे. घड्याळ दुरुस्तीला आलं की घड्याळजी आपली खूण आत कोरून ठेवायचे. माझ्या घड्याळात या खुणांची अशी दाटी आहे की ते मालकाच्या खिशात कमी आणि घड्याळजीच्या टेबलावर जास्त नांदलं असावं.

या पूर्वसूरींशी माझं नित्य भांडण असतं. एकाने चाकाच्या दांड्याचं झिजलेलं भोक आवळायला त्याच्याभोवती पंच ठोकून खळग्यांचं रिंगण केलंय. दुसऱ्याने चांदीची बिजागरी चक्क शिशाचा डाग देऊन जोडलीय. आता तिथे चांदीचा डाग द्यायला आच लावली तर शिसं चांदीच खाऊन टाकणार, म्हणजे पुढच्या सगळ्या पिढ्यांची वाट या गृहस्थाने एका दुपारी लावून ठेवली. तिसऱ्याने भलत्याच आट्यांचा स्क्रू जबरदस्तीने पिळून बसवलाय. त्याच्यावर मात्र मला रागावता येत नाही. त्याचाही मूळ स्क्रू 'टिक्' करूनच गेला असणार.

घड्याळ खोलण्याआधी मुख्य स्प्रिंगमधला जोर उतरवावा लागतो. विसरलात तर चाकं स्वतःच स्वतःला खोलतात, दातांसकट. या स्प्रिंगचा स्वभाव पगारदाराचा आहे: पहिल्या तारखेला दणकून जोर, महिनाअखेरीस हातपाय गळालेले. तिला ताळ्यावर ठेवायला जुन्या इंग्लिश घड्याळांत एक शंकू असतो, फ्यूजी. त्यावर एक नाजूक साखळी गुंडाळलेली. स्प्रिंग जोरात असताना साखळी शंकूच्या निमुळत्या टोकावरून ओढते, जोर ओसरला की रुंद बुडावरून, आणि चाकांना शक्ती सारखी मिळते. कुठल्याही मोठ्या कचेरीने अभ्यासावी अशी ही व्यवस्था आहे. फक्त त्या साखळीची एक कडी निखळली की माणूस चश्म्यावर भिंग, भिंगावर कपाळ आणि कपाळावर हात अशा मुद्रेत जातो.

धुण्यापुसण्यातही पथ्यं आहेत. पॅलेट म्हणजे शेवटच्या चाकाचे दात एकेक करून अडवणारा-सोडणारा तुकडा; त्याचे माणिक लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटात विरघळते, त्यामुळे तो भाग त्यात बुडवायचा नाही. तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल इतकं. जास्त झालं की ते जिथे हवं तिथून पसरून जिथे नको तिथे जातं. हे ऐकून आमच्या मातोश्रींनी "दरवाजाच्या बिजागरीत कधी असं मोजून घातलं नाहीस," असा शेरा मारला.

आणि मग वरची प्लेट बसवणं. या प्रसंगाबद्दल पुस्तकं एका ओळीत सांगतात, 'आता वरची प्लेट ठेवावी'. खालच्या प्लेटवर पाच-सहा चाकं उभी असतात, प्रत्येकाच्या दांड्याला वर बारीक टोक. त्या सगळ्या टोकांनी वरच्या प्लेटमधल्या आपापल्या भोकात एकाच वेळी शिरायचं असतं. तिसरं चाक शिरतं तेव्हा चौथं मान टाकतं. चौथ्याला चिमट्याने सरळ करावं तर एस्केप व्हील, म्हणजे ते शेवटचं चाक, पाठ फिरवतं. त्याची समजूत काढेपर्यंत तिसरं बाहेर. दाबायचं तर मुळीच नाही, टोक तुटलं की संपलं. श्वास रोखून, बोटाच्या वजनाने प्लेट नुसती टेकवून ठेवायची आणि एकेकाला गुदगुल्या करत आत सरकवायचं. अखेर सगळी आत गेल्यासारखी वाटतात, प्लेट 'खट्' करून खाली बसते, छाती भरून येते. नेमकं त्याच वेळी घरातून कोणीतरी दार आपटतं.

एवढं सगळं होऊन घड्याळ चालू झालं. चाललं म्हणजे धावलंच. एका तासात दीड तास. हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची लय धरणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आलं की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ सुसाट सुटतं. चुंबकत्व उतरवलं, फास्ट-स्लोचा काटा स्लोकडे सरकवला, तसं ते दिवसाला पाच मिनिटं मागे पडू लागलं. अमेरिकेत 1891 साली किप्टनला रेल्वे अपघात झाला, त्यानंतर तिथल्या रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले: आठवड्याला फार तर 30 सेकंदांची चूक. आमचं घड्याळ रेल्वेला चालणार नाही, हे कबूल. पण दिवसाला पाच मिनिटं म्हणजे 99.65 टक्के बरोबर. एवढे गुण मिळवणाऱ्याचे फोटो पेपरात छापून येतात.

"मग आत्ता किती वाजले?" मुलाने विचारलं. मी घड्याळ काढलं, झाकण उघडलं, काट्यांवरून वेळ वाचली, मागे पडलेली मिनिटं मनात मिळवू लागलो. तोवर त्याने मोबाइल बघून स्वतःच सांगितलं.

कीर्ती मात्र पसरली. शेजारच्या काकू त्यांचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या. "तुम्ही जुनी घड्याळं करता ना? हे तीन महिने बंद आहे हो." मी भिंग लावलं, मागचं झाकण सरकवलं आणि सेल बदलला. काकूंचे डोळे पाणावले. जाताना जिन्यात भेटेल त्याला सांगत गेल्या, "काय हात आहे हो! दोन मिनिटांत केलं!"

आता काकूंच्या बहिणीचं घड्याळ आलंय. त्याच्यासोबत सेलही आलाय.