नाकपुडीत सात रात्री

गेल्या रविवारी माझी झोपायची जागा ठरली. बोटीच्या नाकात.

हे अलंकारिक नाही. कॅटामरान म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी ठेवून त्यांच्यावर एक सामाईक हॉल बांधायचा, खोल्या खाली होड्यांच्या पोटात. आणि प्रत्येक होडीच्या अगदी पुढच्या, निमुळत्या टोकात एक पोकळी उरते, तिला फोरपीक म्हणतात. एरवी तिथे दोर आणि फेंडर कोंबतात. आत जायला दार नाही. डेकवर झाकण आहे, ते उचलायचं आणि सोसायटीची टाकी धुवायला माणूस उतरतो तसं उतरायचं. खाली एक फळी, तिच्यावर गादी, उशाशी कमोड. बोट चालू असताना झाकण बंद, कारण लाट पुढूनच येते.

या जागेचे मी १,८५० डॉलर भरणार आहे. मागच्या बाजूला खिडकीतून समुद्र बघत डबल बेडवर लोळणारेही १,८५०च भरणार आहेत. एक्सेल मीच केली आहे, त्यामुळे आकड्यात चूक नाही.

बेत असा: फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या बर्फातून सुटायचं, विमानाने सेंट थॉमस, तिथून फेरीबोटीने टोर्टोला, आणि मग आठवडाभर ब्रिटिश व्हर्जिन बेटांमधून शिडाच्या बोटीने हिंडायचं. नितीन-सोनाली, समीर-गौरी, मी आणि माझी बायको. शिडाचं ज्ञान कोणालाच नाही, म्हणून कप्तान भाड्याने. कप्तानाला स्वतंत्र खोली द्यावी लागते, आणि त्याचं जेवणखाणही आपल्याकडे. खोल्या चार. तीन जोडपी, एक कप्तान. गणित इतकं चपखल बसलं होतं की मी त्या सेलला हिरवा रंग दिला होता.

मग बायकोने संडासाची नियमावली वाचली. जे पोटातून गेलेलं नाही ते कमोडमध्ये टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही, तो वेगळ्या पिशवीत. पाणी टाकीतलं, ते जपून. "पैसे भरून सात दिवस हे करण्यापेक्षा मी घरी राहून फुकट चिडेन," ती म्हणाली आणि नाव काढून घेतलं. तरी चौथी खोली माझीच होती. एकट्याची. मी मनात तिथे पुस्तकंबिस्तकं लावून ठेवली होती.

रविवारी नितीनकडे मिसळ आणि कप्तानाशी व्हिडिओ कॉल असा कार्यक्रम होता. नितीनचे काका डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. ते मिसळीपुरते बसले होते.

"तो एक्सेलवाला तूच ना?" त्यांनी मला विचारलं. "बोट दाखव."

मी लॅपटॉपवर नकाशा दाखवला. त्यांनी बोटीचा फोटो चष्मा वर करून बघितला. "दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. तुम्ही तर दोन होड्यांवर बिछाने घालताय."

"काका, ही कलत नाही. एका सांगाड्याची असती तर वाऱ्याने तिरकी झाली असती."

"बोट तिरकी नाही झाली तर ती चाललीय हे कळणार कसं?"

याला उत्तर नव्हतं. मी त्यांना मार्ग सांगायला घेतला. पहिला मुक्काम नॉर्मन आयलंड. मग सॉल्ट आयलंडपाशी १८६७च्या चक्रीवादळात बुडालेलं ऱ्होन हे जहाज, त्यावर पाणबुडे जातात. मग व्हर्जिन गोर्डा, तिथे समुद्रकाठी घराएवढाले ग्रॅनाइटचे धोंडे आहेत. मग अनेगाडा, त्या बेटाची सगळ्यात उंच जागा जेमतेम साडेआठ मीटर आणि भोवती प्रवाळाचा लांबलचक खडक, त्यामुळे बोट जपून घालावी लागते. शेवटी योस्ट व्हॅन डाइक.

"यांना व्हर्जिन का म्हणतात?"

"कोलंबसाने १४९३मध्ये नाव ठेवलं. सेंट उर्सुला आणि तिच्याबरोबरच्या अकरा हजार कुमारिका."

"अकरा हजार," काका पाव बुडवत म्हणाले. "मोजल्या कोणी?"

इथेच कोणीतरी त्यांना टीव्हीसमोर बसवायला हवं होतं. पण सोनालीने त्यांना आणखी कट वाढला.

"गावस्करने दोनशे वीस काढले ते बेट यात कुठलं?"

"ते यात नाही. ते पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद."

"वेस्ट इंडीजच ना? मग?"

मी म्हटलं, काका, ते इथून दक्षिणेला ९०० किलोमीटर आहे. ते म्हणाले, तुमची बोट ताशी किती जाते. मी म्हटलं, फार तर बारा-तेरा किलोमीटर. त्यांनी पेपर नॅपकिनवर भागाकार केला. माझ्यादेखत. ७१ साली डोंबिवलीत कोणाच्या गॅलरीतला रेडिओ ऐकला, आठ डावांनंतर ७७४ झाले तेव्हा कोणी पेढे वाटले, हे सगळं भागाकार चालू असतानाच सांगून झालं. आणि मग नॅपकिन माझ्याकडे सरकवत म्हणाले, "जायला तीन दिवस, यायला तीन दिवस, एक दिवस क्वीन्स पार्क ओव्हलवर. बसतंय की आठवड्यात. धोंडे काय बघायचेत? धोंडे आपल्याकडे कमी आहेत?"

मला राग या गोष्टीचा आला की समीर तो नॅपकिन उचलून बघत होता. मी तीन आठवडे बसून मुक्काम बसवले होते, अंतरं मोजली होती, कुठे बोट बांधायला बोया मिळतो ते टिपलं होतं, आणि हा माणूस तेलाचे डाग पडलेल्या नॅपकिनकडे "आयडिया वाईट नाही" अशा नजरेने बघत होता. ग्रुपमध्ये काम करणाऱ्याला कधीच ती नजर मिळत नाही. त्याला "लिंक परत पाठव ना" मिळतं.

"पण फेब्रुवारीत कसे जाता?" काकांचं पुढे चालूच. "समुद्रात नारळी पौर्णिमेनंतर लगेच उतरावं. दर्या शांत होतो."

"इथे उलटं आहे. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. २०१७मध्ये ६ सप्टेंबरला याच बेटांवरून इर्मा गेलं, पाचव्या श्रेणीचं."

त्यांनी फोनवर कॅलेंडर काढलं. बराच वेळ मागे मागे सरकवत गेले. "त्या वर्षी नारळी पौर्णिमा ७ ऑगस्टला होती. म्हणजे महिना होऊन गेला होता." थोडा विचार करून म्हणाले, "त्यांनी नारळ सोडला नसेल."

एवढ्यात कप्तानाचा कॉल आला. माणूस टोर्टोलाचाच, शांत, मागे खिडकीत निळंशार काहीतरी. त्याने सांगितलं, त्या दिवसांत व्यापारी वारे पूर्वेकडून ठरल्यासारखे येतात, काळजी नाही. चाकांच्या कडक बॅगा नकोत, घडी होणाऱ्या आणा. आणि बोटीवर केळी चालणार नाहीत, त्याने अपशकुन होतो. हे तो हसत म्हणाला, पण म्हणाला.

"केळी नाहीत?" मागून काका. "आणि माझा गुरुवार?"

तुमचा गुरुवार बोटीवर कुठून आला, असं मी मनात म्हणेपर्यंत नितीनने खाली मान घातली. तेव्हा मला कळलं की हे मिसळीच्या आधीच ठरलं होतं. फेब्रुवारीत काकांना बर्फात एकटं कसं ठेवायचं. बरोबर आहे. मलाही काका आहेत. पण मला आधी सांगायला फोन नव्हता का?

कप्तानाने प्रत्येकाची माहिती विचारली. पोहता येतं का? मी खरं सांगितलं: पूलची एक लांबी, मध्ये एकदा काठ धरून. त्याने काहीतरी लिहिलं. मग विचारलं, शिडाचा, बोटीचा कोणाला काही अनुभव? आम्ही सगळे गप्प. काका खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर आले.

"थर्टी इयर्स," ते म्हणाले. "बॉम्बे टू रेवस."

मी तोंड उघडलं. नितीनने टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

आता भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, हे मुंबईतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. काकांचं गाव अलिबागजवळ. ते तीस वर्षं त्या लाँचमध्ये बसून गावी गेले. बसून. तिकीट काढून. पायाशी आंब्याची पेटी नाहीतर वालाच्या शेंगांची पिशवी ठेवून. टोर्टोलातल्या माणसाला हे कसं कळावं?

"किती वेळा ओलांडलंत?"

"फॉर्टी टाइम्स पर इयर. टोटल ट्वेल्व्ह हंड्रेड."

पलीकडे क्षणभर शांतता. "ट्वेल्व्ह हंड्रेड क्रॉसिंग्ज?"

"हाय टाइडमध्ये पण," काका म्हणाले. "वुडन बोट. नो टॉयलेट."

कप्तानाने डोक्यावरची टोपी काढली. मी शपथेवर सांगतो, काढली. रेवसचं स्पेलिंग विचारून घेतलं. मग कागदाच्या विषयावर काकांनी त्याला आश्वासन दिलं की आम्ही मुळात कागद वापरतच नाही, पाण्याचा एक तांब्या पुरतो, आणि तो माणूस इतका खूश झाला की त्याने केळ्यांचं बघू म्हणून सांगितलं. केळ्यांचं बघू! पिढ्यान् पिढ्यांचा दर्यावर्दी समज त्याने एका लाँचच्या पॅसेंजरसाठी सोडला.

खोल्या त्यानेच वाटल्या. अनुभवी गृहस्थ मागे, सुकाणूच्या जवळ, म्हणजे काही विचारायचं झालं तर हाक मारता येईल. दोन जोडप्यांना दोन. एक त्याला. आणि ते एकटे आहेत, कमी पोहणारे, त्यांना फोरपीक.

मी म्हटलं, काकांची खोली डबल बेडची आहे, मी तिथे एका कडेला झोपेन.

"मला शेजारी कोणी असलं की झोप लागत नाही," काका म्हणाले.

मी कप्तानाला विचारलं, कमी पोहणाऱ्याला सगळ्यात पुढे, झाकणाखाली ठेवणं सुरक्षित आहे का? तो म्हणाला, रात्री बोट बांधलेली असते, झोपेत कोणी पोहत नाही. सगळे हसले. गौरी जरा जास्तच हसली.

घरी येऊन मी एक्सेलमध्ये फोरपीकचा वेगळा दर लावून बघितला. ३० टक्के कमी. सगळ्यांच्या वाट्याला शंभराच्या जवळपास डॉलर वाढत होते. ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत एक अंगठा आला, तो समीरचा, आणि तो माझ्या मेसेजला नव्हता, खालच्या काकांच्या सुप्रभातला होता.

बायकोला सगळं सांगितलं. तिने झाकणाचा फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "आतून उघडतं ना?" मी कंपनीला ईमेल केली आहे. उत्तर यायचंय.

काल रात्री काकांचा फोन. आवाजात लाघव. "अरे, ते म्हणतात चाकांची बॅग चालत नाही. माझ्याकडे तर तीच आहे. आणि खोलीत ठेवली तर रात्री पाय अडकतो. तुमच्या बोटीला पुढे अशी दोन भोकं आहेत ना?"

"एकात दोर आहेत काका. दुसऱ्यात मी."

"हां, तेच म्हणतो. तुझ्या पायाशी मावेल."

मी बॅगेचं वजन विचारलं. तेवीस किलो म्हणाले.