पेनाची नळी ठोकून बसवायची नसते

ठाण्यातल्या हौशी सुतारकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून तासायच्या यंत्रावर, लाकडी पेन बनवताना लाकडात पाडलेल्या भोकात पितळी नळी पक्की कशी बसवायची, याचे पाच उपाय त्यात दिलेत. एक, नळीपेक्षा बारीक ड्रिल-बिट घ्या आणि नळी हातोडीने ठोका, गोंद नको. दोन, भोक सैल झालं तर फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद भरा. तीन, ड्रिल फुल स्पीडला चालवा. चार, पेनाच्या सुट्या भागांच्या किटवर लिहिलेलं बिट आणा, मोजायची गरज नाही. पाच, भोकं पावसाळ्यात पाडा, लाकूड मऊ असतं. काल कळव्याहून भाच्याने तोच मेसेज मला पाठवला आणि विचारलं, ‘मावशी, हातोडी लाकडी चालेल का?’ कुठलीच चालणार नाही, बाळा. आणि का, ते नीट वाच.

पहिला आणि पाचवा उपाय एकत्रच घेते, कारण पेन फुटतं ते या दोघांच्या संगनमताने. अमेरिकेच्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या हँडबुकात सागाचे आकडे आहेत: ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग वार्षिक वलयांच्या दिशेने 5.8 टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे 2.5 टक्के. आता हिशेब करा. जुलैत ठाण्यात उघड्यावर पडलेल्या ब्लँकमध्ये, म्हणजे पेनाच्या लाकडी ठोकळ्यात, 18 टक्के ओल धरा. तेच पेन एसी ऑफिसात राहिलं की ओल 10 टक्क्यांवर येते. म्हणजे 7 मिमीचं भोक एका बाजूने साधारण 6.89 आणि दुसऱ्या बाजूने 6.95 व्हायला बघतं. गोल भोक अंडाकृती होऊ लागतं, आणि आतलं पितळ तर तसूभरही आकसत नाही. स्लिमलाइन, म्हणजे सडपातळ, पेनाला टोकाशी, बुशजवळ (लेथवर माप दाखवणाऱ्या कड्याजवळ), लाकूड उरतं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. नळी आधीच ठोकून बसवली असेल तर ते लाकूड पहिल्या दिवसापासून ताणलेलं असतं. त्यात हे आकसणं आलं की रेषेरेषेने उभी चीर जाते. ती लेथवर दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी, पेन भेट देऊन झाल्यावर दिसते.

गोंदाशिवाय नळी टिकते, हेही खोटं. पटाशी जरा अडकली की लाकूड थबकतं आणि नळी मात्र मँड्रेलबरोबर, म्हणजे लेथच्या दांड्याबरोबर, आतल्या आत फिरत राहते. त्यातून वाचलं तरी शेवटी रिफिल आत-बाहेर करणारी फिरकीची यंत्रणा नळीत दाबून बसवायची असते. त्या दाबाने नुसती घर्षणावर अडकलेली नळी सरकते. शिवाय पितळ पातळ असतं, हातोडीने तिचं तोंड आत वळतं आणि निबकडचा भाग शिरतच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. बारीक बिट घेण्यात थोडं तथ्य आहे. बिटाच्या दोन धारा सारख्या घासलेल्या नसतील, चक (बिट धरणारा जबडा) डुगडुगत असेल किंवा बिट वाकलं असेल, तर 7 मिमीचं बिट 7.1 किंवा 7.2 चं भोक पाडतं. अशा वेळी 6.9 चं बिट बरोबर ठरू शकतं. पण ते ठोकण्यासाठी नव्हे, नळी बोटाने सरकावी म्हणून.

म्हणूनच चौथा उपाय निकामी आहे. किटवरचं 7 मिमी हे बिटाचं माप असतं. नळी त्याहून किंचित बारीक असते आणि प्रत्येक किटात थोडी वेगळी. व्हर्निअर कॅलिपरने नळी मोजा, मग त्याच लाकडाच्या तुकड्यात एक भोक पाडून बघा. नळी बोटाच्या दाबाने, किंचित घासत आत गेली पाहिजे. आपोआप घरंगळली तर भोक सैल, वाटेत अडली तर घट्ट. व्यासात 0.1 मिमी मोकळीक गोंदाला पुरते. बिटं 0.1 मिमीच्या फरकाने मिळतात. 6.9, 7 आणि 7.1 ही तिन्ही घेऊन ठेवा.

पीयू फुगतो, पण फुगलेला भाग बुडबुड्यांचा असतो, त्यात जोर नाही. सैल भोकात नळी एका बाजूला टेकते, आणि लेथ नळीच्या केंद्रावर फिरतो. मग टोकाशी एकीकडे गोंदाची चंद्रकोर दिसते आणि लाकूड तिथे कागदासारखं उरतं. थोडी मोकळीक असेल तर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरा, जास्त असेल तर ब्लँक बदला.

फुल स्पीड सगळ्यात जास्त नडतो तो अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, ब्लँकला. बुरा बिटाच्या खाचांत अडकतो, वितळतो, भोकाच्या भिंतीला चिकटतो. मिनिटाला 500 च्या आसपास फेरे ठेवा आणि दर 5-6 मिमीला बिट बाहेर काढून साफ करा. भोक पूर्ण गार झाल्यावरच नळी घालून बघा. लाकडालाही हीच शिस्त. ब्लँक 10 मिमी जास्त लांब ठेवा, बिट आरपार नेऊ नका, टोक नंतर कापा. म्हणजे पलीकडची ढलपी उडत नाही.

आणि पावसाळ्यात? ब्लँक कापून, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन घ्या. वजन उतरायचं थांबलं की भोक पाडा आणि त्याच दिवशी नळी चिकटवा. नळी आधी 180 च्या पॉलिश पेपरने आडवी घासा, तोंडाला कणकेचा बोळा लावा म्हणजे गोंद आत जाणार नाही. फेविक्विकसारखा गोंद दमट हवेत झटकन धरतो आणि नळी अर्ध्यावर अडकते. म्हणून सावकाश सुकणारी इपॉक्सी घ्या, दोन्ही भाग सारखे मिसळा, नळीला आणि भोकालाही लावा, आणि नळी फिरवत फिरवत आत ढकला, दोन्ही टोकांना मिलिमीटरभर आत राहील इतकी. रात्रभर सुकू द्या. सकाळी कणीक काढून बॅरल ट्रिमरने (नळीच्या काटकोनात टोकं छिलणाऱ्या कटरने) टोकं सपाट करा, आणि पितळ चमकायला लागलं की थांबा.