स्टॅन्लीला एका ओळीत उरकू नका

संगीतकार हँडेलच्या लंडनवरचा तुमचा लेख आवडला, पण जॉन स्टॅन्लीची 'एक अंध ऑर्गनवादक' एवढ्यावर बोळवण केलेली पाहून वाईट वाटलं. दोन वर्षांचा असताना हातात चिनी मातीचं भांडं घेऊन हा मुलगा शेगडीपुढच्या संगमरवरी फरशीवर पडला आणि दृष्टी गेली. चौदाव्या वर्षी, १७२६ साली, होबर्नच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये नेमणूक झाली. पुढे टेम्पल चर्चमध्ये तो वाजवायला बसला की शहरातले इतर ऑर्गनवादक ऐकायला जमत, त्यांत खुद्द हँडेलही असे. नवा ऑरेटोरिओ (धार्मिक कथेवरची मोठी गायन-वादन रचना) बसवायचा असला की मेहुणी तो वाद्यावर एकदा वाजवून दाखवायची, तेवढ्यात याचा पाठ! पत्ते खेळायचा तेही सुईने भोकं पाडलेले, बोटांनी ओळखून.

त्याच्या ३० व्हॉलंटरी, म्हणजे चर्चमध्ये एकट्या ऑर्गनवर वाजवायच्या रचना, १७४८ ते १७५४ दरम्यान तीन संचांत छापल्या गेल्या. तेव्हाच्या इंग्लिश ऑर्गनला बहुधा पायपट्ट्या नसत, त्यामुळे हे सगळं संगीत दोन हातांपुरतंच लिहिलेलं आहे. म्हणूनच माझ्यासारख्या पेटीवाल्यालाही घरच्या कीबोर्डवर ते वाजवून पाहता येतं. यांतल्या सहाव्या ओपसमधली (ओपस म्हणजे त्याच्या छापील कृतींचा क्रमांक) पाचवी, डी मेजरमधली, जरूर ऐका. आधी संथ, भरीव सुरावट, मग एकदम ऑर्गनचा ट्रम्पेटसारखा आवाज देणारा स्टॉप उघडतो आणि अंगावर काटा येतो. हे सारं त्याने कुणाकडून तरी लिहवून घेतलं असणार. पुढच्या लेखात त्याच्यावर सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.