ज्युरी ड्यूटीतून सुटायचं कसं, असं विचारणाऱ्यांना

आज सकाळी आपल्या अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर एकाने विचारलं, "ज्युरी ड्यूटीचं समन्स आलंय, पहिल्यांदाच. यातून सुटायचं कसं?" ज्युरी ड्यूटी म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला कोर्ट तुमच्या-आमच्यासारख्या नागरिकांना बोलावतं, ती. मी चहा टाकला होता. तो गाळून होईपर्यंत एकवीस उत्तरं आली. पोलिसांवर अजिबात विश्वास नाही म्हण. पोलिसांवर डोळे झाकून विश्वास आहे म्हण. समन्स मिळालंच नाही असं समज आणि फाडून टाक. आणि सगळ्यात जास्त अंगठे कुठल्या उत्तराला? "इंग्रजी नीट कळत नाही म्हण. हमखास सोडतात."

अंगठे देणाऱ्यांची नावं मी एकेक करून वाचली. सगळी ओळखीची. गणपतीत शेजारी उभं राहून आरती म्हणणारी, अडीअडचणीला धावून येणारी चांगली माणसं आहेत. म्हणूनच जास्त लागलं. त्यातल्या एकाने गेल्याच महिन्यात कुठल्याशा परिषदेत इंग्रजीत भाषण केल्याचे फोटो टाकले होते, मी अभिनंदनही केलं होतं.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तोंडातून नको ते गेलं असतं. म्हणून इथे लिहितेय, आणि मोठं होणार आहे.

मार्चमध्ये मी सॅन होजेच्या कोर्टात गेले होते. माझीही पहिलीच वेळ. समन्स आलं तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता, ते लपवत नाही. आमच्या घरात कोर्ट म्हटलं की बाबांचं एकच वाक्य, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्यांना तसं म्हणायला कारणही होतं. साताऱ्यात आमच्या गल्लीत चोरी झाली तेव्हा पोलिसांनी त्यांना पंच म्हणून बोलावलं, पंचनाम्यावर सही घेतली. त्या एका सहीपायी बाबा चार वर्षं तारखांना जात राहिले. रजा टाकायची, डबा घ्यायचा, बाकावर बसायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचं. ते बघत मोठी झालेली मुलगी समन्स उघडताना खूश कशी होईल? मी तारीख पुढे ढकलून घेतली. तेवढी मुभा असते. दुसऱ्या वेळी मात्र आदल्या संध्याकाळी पाचनंतर वेबसाइट उघडली तर समन्सवरच्या माझ्या ग्रुप नंबरसमोर 'सकाळी हजर राहा' असं होतं.

गेले. पट्टा काढा, पर्स मशिनमधून जाऊ द्या, मग मोठ्या हॉलमध्ये बसून राहा. दहाच्या सुमाराला आमच्यापैकी साठेक जणांना वरच्या मजल्यावर नेलं. आम्ही कोर्टरूममध्ये शिरलो तर समोरच्या टेबलांवरचे सगळे उठून उभे राहिले. मला वाटलं न्यायाधीश येताहेत. नाही. आमच्यासाठी उभे राहिले होते. आरोपीसुद्धा.

बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. काळा कोट, खांद्यावर ढगळ. डाव्या बाहीच्या टोकाला कंपनीचं कापडी लेबल अजून शिवलेलं. नवा कोट घेतल्यावर ते उसवून काढायचं असतं, हे त्याला सांगायला घरात कोणी नसावं. कानाला हेडफोन. मागे एक दुभाषी बाई बसल्या होत्या. तोंडाजवळ छोटा माइक धरून, चालू असलेलं प्रत्येक वाक्य त्या हळू आवाजात स्पॅनिशमध्ये त्याच्या कानात सांगत होत्या. त्याला इंग्रजी येत नव्हतं. खरोखर येत नव्हतं.

न्यायाधीशांनी केसचं नाव वाचलं, द पीपल ऑफ द स्टेट ऑफ कॅलिफोर्निया विरुद्ध हा मुलगा. पीपल. म्हणजे त्यात मीही आले. हे ऐकून मी जागीच सावरून बसले. केस कसली होती ते मुद्दाम लिहीत नाही.

मग कोणाला ज्युरीत बसायला काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारलं आणि आपला एकजण उठला. आपला म्हणजे भारतीय. मराठी होता की नाही याने काही फरक पडत नाही. माझ्याच वयाचा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच राहिलेलं. म्हणाला, "माझं इंग्रजी कोर्टाचं कामकाज समजण्याइतकं चांगलं नाही, त्यामुळे मी आरोपीला न्याय देऊ शकणार नाही अशी मला प्रामाणिक भीती वाटते." हे सगळं इंग्रजीत, एकही चूक न करता. न्यायाधीशांनी विचारलं, काम काय करता? इंजिनिअरिंग डायरेक्टर. हाताखाली किती जण? चाळीस. त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलता? यावर तो गप्प.

आणि दुभाषी बाईंचं काम चालूच होतं. त्या सगळंच सांगतात, गाळत काही नाहीत. तर हे वाक्यही स्पॅनिश होऊन त्या मुलाच्या कानात गेलं, की मागे उभे असलेले गृहस्थ म्हणताहेत, मला इंग्रजी येत नाही. मुलाने हेडफोनवर हात दाबून धरला आणि वळून त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. आपण बरोबर ऐकलं का, असं काहीसं होतं.

मला तेव्हा आपली लाज वाटली. त्याची एकट्याची नाही, आपली. कारण घरून निघताना हेच वाक्य माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं.

अरे, आपण नागरिकत्वाच्या परीक्षेला बसलो तेव्हा शंभर प्रश्न पाठ केले होते ना? त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की झालं. त्यात एक प्रश्न होता, फक्त नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोनच, फेडरल निवडणुकीत मतदान करणं आणि ज्युरीत बसणं. तुम्ही सगळ्यांनी ते घोकलंय. ग्रीन कार्डवर असताना चुकून समन्स आलं तर 'नागरिक नाही' या चौकोनात खूण करून परत पाठवावं लागतं, बसायची परवानगीच नसते. पंधरा-पंधरा वर्षं रांगेत थांबून, वकिलांच्या फिया भरून जे मिळवलं, त्यातली अर्धी गोष्ट पहिल्याच पत्राला परत करायची? कुठल्या तोंडाने?

आता कामाचं नुकसान होतं म्हणाल. होतं, मान्य. पहिल्या दिवसाचे काहीच पैसे नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून दिवसाला पंधरा डॉलर, त्यात पार्किंगही भागत नाही. ज्याचं हातावर पोट आहे त्याने जाऊन खरं सांगावं, त्याच्यासाठी सूट ठेवलेली आहे. त्या दिवशी घरकाम करणाऱ्या एका बाईंना न्यायाधीशांनी दोन मिनिटांत सोडलं, वर आभार मानले. पण आपल्या ग्रुपवर उत्तरं देणारे बहुतेक पगारी रजा मिळणारे आहेत. आणि कामावरून काढतील ही भीती घालणाऱ्यांनो, ज्युरीला गेलं म्हणून काढणं कायद्याने चालत नाही.

"आपल्याला काय करायचंय त्यांच्या भानगडीत," असंही एकाने लिहिलंय. हे वाचून तर डोकंच फिरलं. त्यांच्या म्हणजे कोणाच्या? आणि हे लिहिणारा कोण, तर १ ऑगस्टला मुलांकडून टिळकांवर भाषणं बसवून घेणारा माणूस! शेंगांची टरफलं झाली, स्वराज्य झालं, मंडाले झालं. पण मंडालेला टिळक गेले कसे, हे कधी मुलांना सांगितलंत? जुलै १९०८, मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दावर. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला केसरीतल्या मराठी लेखांवर, आणि ज्युरीसमोर त्या लेखांची इंग्रजी भाषांतरं. भाषांतर कुठे चुकलंय, मूळ मराठी शब्दाचा अर्थ काय, हे टिळक स्वतः उभे राहून तासन्‌तास समजावत होते. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची शिक्षा. ज्युरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचे शब्द आज हायकोर्टाच्या भिंतीवर आहेत. १८९७ च्या खटल्यातही तसंच, सहा युरोपियन एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या. त्या खुर्च्यांवर कोण बसलंय याने काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत असायला हवं? त्या दोघा पारशांचं 'नाही' तेव्हा कामाला आलं नाही. इथे कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं. एकाचं 'नाही'सुद्धा अडवू शकतं. तो एक जण तू असू शकतोस, आणि तू सांगणार मला इंग्रजी येत नाही?

ज्युरी चुकते, हेही ठाऊक आहे. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींच्या खटल्यात आठ विरुद्ध एकने निर्दोष म्हणाली आणि हायकोर्टाने ते फिरवलं. भारतात १९७३ च्या फौजदारी संहितेनंतर ज्युरी राहिली नाही, पारशी विवाहाच्या दाव्यांत ज्युरीसारखे बसणारे डेलिगेट्स तेवढे उरले. असेल, त्यांना ते योग्य वाटलं असेल. पण आपण राहतो इथे.

पुन्हा त्या खोलीत येते. माझं नाव निघालं, नऊ नंबरची खुर्ची. शेजारी एक व्हिएतनामी आजोबा, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर चष्म्याची डबी. त्यांचं इंग्रजी खरंच मोडकंतोडकं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, समजेल ना? ते म्हणाले, "हळू बोला. मी ऐकतो."

आरोपीच्या वकील बाई माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, आत्ता या क्षणी निकाल द्यायला सांगितलं तर काय द्याल? मी म्हटलं, अजून काहीच ऐकलेलं नाही, कसं सांगू? त्या शांतपणे म्हणाल्या, "उत्तर 'निर्दोष' असं आहे. काहीच सिद्ध झालेलं नाही, म्हणजे तो निर्दोष." मी सेहेचाळीस वर्षांची आहे. शाळेत, सिनेमात, पेपरात हे शंभरदा ऐकलंय. पण तो मुलगा दहा फुटांवर बसलेला, हे वाक्य स्पॅनिशमध्ये त्याच्या कानात जात असलेलं, आणि तो माझ्याकडे बघतोय, तेव्हा ते पहिल्यांदा कळलं. साताऱ्याच्या त्या चोरीत पकडलेल्या पोराला आम्ही सगळी गल्ली पहिल्या दिवसापासून चोरच म्हणत होतो. बाबाही.

पुढे सरकारी वकिलांनी मला वगळलं. कारण सांगत नाहीत, नुसतं "नऊ नंबरचे आभार" म्हणतात. मी पर्स उचलली आणि बाहेर आले. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता ना? लिफ्टमध्ये रडू आलं. आजोबा राहिले आत. त्या केसचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्या मुलाच्या बाहीवरचं लेबल कोणी काढलं का, तेही माहीत नाही. मला ते लेबल अजून दिसतं.

सकाळपासून रागाने लिहितेय, आता राग बराच उतरला. ज्याने विचारलं त्याच्यावर तर खरं राग नाहीच. त्याने निदान विचारलं तरी. बाळा, तू माझ्या धाकट्या भावासारखा आहेस. घाबरू नकोस. बाबांसारख्या तारखा इथे नसतात. पहिल्या दिवशी निवड झाली नाही तर काम संपलं, निदान वर्षभर पुन्हा बोलावत नाहीत. आदल्या दिवशी पाचनंतर वेबसाइट बघ, फोनचा चार्जर ने, आत थंडी असते तेव्हा स्वेटर घे, डबा घरून ने. विचारतील त्याचं खरं उत्तर दे. आणि धाकटीला शाळेतून आणायचा प्रश्न असेल तर तारीख मला कळव. तीन वाजता मी असते मोकळी, मी आणेन तिला.