परसदाराचं इंग्रजी

जुलैत बेळगावचा पाऊस आठ-आठ दिवस थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा आमचं परसदार फुगतं, बिजागऱ्या गंजतात आणि दार बोलायला लागतं. ते काय बोलतं याची चौकशी इतक्या वर्षांत कुणी केली नव्हती. ती पाचवीतल्या नातीने केली.

"आजोबा, सांगा की. दार काय करतं? क्रीक, स्क्वीक, स्क्वील का स्क्रीच?"

रिकाम्या जागा चार: दार, उंदीर, डुक्कर आणि गाडीचे ब्रेक. आमच्या दाराचा आवाज मला चांगला ठाऊक. "स्क्रीच लिही," मी ठोकून दिलं. स्क्रीच खर्ची पडल्यावर ब्रेकच्या वाट्याला क्रीक आला. उंदीर-डुकरांत उरलेले शब्द वाटून टाकले. उंदराला स्क्वील मिळाला.

दुसऱ्या दिवशी वही लालेलाल होऊन आली.

मग चष्मा लावून शब्दकोश काढला. क्रीक म्हणजे जुन्या लाकडाचा संथ, तुटक करकर आवाज. स्क्वीक बारीक आणि आखूड, उंदराचा किंवा नव्या बुटाचा. तोच लांबला की स्क्वील, म्हणजे डुकराचा. आणि स्क्रीच म्हणजे दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ फाटक पडताना बघून रिक्षावाला करकचून ब्रेक दाबतो, तो. खाली आणखी एक सापडला, ग्रेट. शाबासकीतला नव्हे, हा लोखंड दगडावर घासल्याचा, दात आंबवणारा. खोबरं किसणं म्हणजेही ग्रेटच. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग किसा की ग्रेट, दोन नारळ पडलेत."

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण लाल शाई जिव्हारी लागली होती. दार हळू ढकललं: कर्र... कर्र... झालं, क्रीक! जरा जोरात ढकललं: चुंईऽऽ. हा तर चक्क स्क्वील! म्हणजे दार तेच, बिजागरी तीच, आणि शब्द बदलला. कारण साधं आहे. कोरडे लोखंड एकमेकांवर घासताना क्षणभर अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं. हे संथ चाललं की प्रत्येक झटका सुटा ऐकू येतो. सेकंदाला शेकडो वेळा झालं की त्यांची एक सलग तार होते. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो, पण त्याला टाळ्या मिळतात. मला शेजारून मिळालं ते, "एन्री इदु किरिकिरी!"

बघा, कन्नड किरिकिरी काय नि आपली किरकिर काय, दोन्हींकडे कानाला आणि डोक्याला एकाच शब्दात त्रास होतो. आपल्याकडे खाट कुरकुरते आणि सूनही कुरकुरते. (हे वाक्य घरात वाचून दाखवायचं नाही.)

"किती वेळ ते दार हलवायलाय वो?" म्हणत हिने खोबरेल आणून बिजागरीत ओतलं. दार गप्प. पुरावाच गेला.

संध्याकाळी नातीला विचारलं, "बाईंनी काही विचारलं का गं?"

"विचारलं की. हे कुणी लिहून दिलं म्हणून."

"मग?"

"आजोबांनी, म्हटलं."

पुन्हा शब्दकोश उघडला. स्क्वीलच्या खाली बोलीभाषेतला आणखी एक अर्थ दिलेला होता: साथीदाराचं नाव सांगून मोकळं होणं.