फोर्डचा कोळसा आणि खोक्यांच्या फळ्या: त्या पोस्टमध्ये खरं किती?

हेन्री फोर्डवरची एक पोस्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. मॉडेल टी गाड्यांच्या कारखान्यात उरलेलं लाकूड पाहून त्याने कोळशाच्या ब्रिकेटचा, म्हणजे दाबून पाडलेल्या वडीचा, शोध लावला, तंत्र मित्र एडिसनने दिलं, भुसा दाबून वड्या पाडल्या आणि अमेरिकेत घरोघरी बार्बेक्यू सुरू झालं. जोडीला, पुरवठादारांच्या खोक्यांच्या फळ्या तो थेट गाडीच्या तळाला बसवायचा, हेही असतं. शेवटी 'टाकाऊतून टिकाऊ'चा उपदेश ठरलेला. यातला गाभा खरा आहे. तपशील मात्र बरेच चुकले आहेत, आणि सगळ्यात मनोरंजक भाग तर पोस्टमध्ये आलेलाच नाही.

'ब्रिकेटचा शोध फोर्डचा'

नाही. पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर यांनी कोळशाच्या ब्रिकेटचं पेटंट 1897 साली घेतलं होतं. फोर्ड मोटर कंपनीची स्थापनाच 1903 ची.

'तंत्र एडिसनचं'

फोर्ड आणि एडिसन मित्र होते, कॅम्पिंगलाही एकत्र जायचे, म्हणून हे नाव चिकटलं. लाकडाच्या कचऱ्याचा कोळसा करण्याची जी प्रक्रिया फोर्डने वापरली, ती ऑरिन स्टॅफर्ड या ओरेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञाची. श्रेय त्यांना द्यायला हवं. पोस्टमध्ये त्यांचं नावही नसतं.

'भुसा दाबला की वडी तयार'

सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. आपल्याकडे उसाचं चिपाड, भुईमुगाची टरफलं किंवा भुसा दाबून 'व्हाइट कोल' करतात. त्यात कोळसा होतच नाही. दाबाच्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच बांधून धरतं. फोर्डची वडी वेगळी: आधी कोळसा, मग पूड, मग वडी.

मॉडेल टीला लाकूड बरंच लागायचं. बॉडीचा सांगाडा, तळफळ्या, चाकांचे आरे असं मिळून गाडीमागे सुमारे 100 बोर्डफूट, म्हणजे आपल्या वखारीच्या हिशेबात सव्वाआठ घनफूट. त्यासाठी मिशिगन राज्याच्या उत्तर भागात आयर्न माउंटनला जंगल घेऊन 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला सॉ मिल उभी केली. जमिनीच्या व्यवहारात एडवर्ड किंग्जफर्ड यांची मदत झाली. ते फोर्डच्या नात्यातल्या बहिणीचे यजमान. मॅपल, बर्चसारख्या कठीण लाकडाच्या ढलप्या आणि तुकड्यांचे ढीग साचू लागले.

हा माल आधी जवळजवळ पूर्ण कोरडा करावा लागतो. पारंपरिक भट्टीत ओलावा थोडाफार चालून जातो, स्टॅफर्डच्या उभ्या बंद भट्टीत चालत नाही. कारण ही भट्टी सुरुवातीला बाहेरून तापवायची, पण साधारण 280 अंश सेल्सिअसच्या पुढे लाकूड विघटन होताना स्वतःच उष्णता सोडतं, आणि त्याच उष्णतेवर पुढचा माल सतत कोळसा होत जातो. लाकूड ओलं असेल तर ती उष्णता पाण्याची वाफ करण्यातच संपते आणि भट्टी थंडावते.

बाहेर पडलेला कोळसा लगेच हवेत उघडा टाकता येत नाही. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, तापतो आणि ढिगाच्या आतून आपोआप पेटतो. म्हणून तो हवाबंद थंड करून मगच हळूहळू हवेशी सवय करून द्यायची. शिवाय माल बारीक घातलेला, त्यामुळे कोळसाही चुऱ्यासारखाच निघतो. अख्खा कोळसा म्हणून तो विकणार कसा? ब्रिकेट करण्याची गरज इथून आली. चुरा दळायचा, स्टार्चच्या खळीत मळायचा, रोलरच्या खाचांतून उशीच्या आकाराच्या वड्या काढायच्या आणि सुकवायच्या. खळ कमी पडली तर वड्या पोत्यातच फुटतात. जास्त झाली तर पेटताना धूर करतात. नीट न सुकलेली वडी पेटायलाच वेळ लावते.

एक टन लाकडातून (अमेरिकी टन, म्हणजे 907 किलो) 610 पौंड ब्रिकेट निघायचे, सुमारे 277 किलो. मग उरलेलं कुठे गेलं? वाफेतून. पोस्टने सोडलेला भाग तो हाच. भट्टीतून निघणारी वाफ थंड करून मिथेनॉल, अॅसिटिक आम्ल, डांबर आणि तेलं मिळवायची. थंड न होणारा गॅस जाळायला. आम्लापासून केलेलं एथिल अॅसिटेट कृत्रिम चामडं आणि रंगकामात उपयोगी. म्हणजे आयर्न माउंटनचा कारखाना मुळात लाकडाचा रसायन-कारखाना होता आणि ब्रिकेट ही त्याच्या चुऱ्याची विल्हेवाट. पुढे जर्मनीत 1923 पासून कृत्रिम मिथेनॉल कारखान्यात बनू लागलं आणि लाकडापासून रसायनं काढण्याचा अख्खा धंदाच दबला. तेव्हा कुठे कोळशाची वडी महत्त्वाची ठरली.

'खोक्यांच्याच तळफळ्या'

खोक्यांचं लाकूड फोर्ड वाया घालवत नसे, हे खरं. खिळे काढून, कापून ते पुन्हा वापरलं जाई. पण पुरवठादाराला ठरावीक मापाच्या, आधीच भोकं पाडलेल्या फळ्यांचं खोकं करायला लावून त्याच फळ्या गाडीत बसवायच्या, ही गोष्ट सांगणारे कधी पुरवठादाराचं नाव देत नाहीत, सालही नाही. कुणी मॉडेल टी म्हणतं, कुणी मॉडेल ए. कारागिराच्या नजरेने पाहा: मॉडेल टीच्या पुढच्या तिरप्या फळ्यांत तीन पेडलांसाठी खाचा लागतात. खोक्याचं लाकूड बहुधा स्वस्त, नरम, खिळ्यांजवळ चिरणारं. आणि फळी आधीच घडवून द्यायची, तर तिची मजुरी पुरवठादार सुट्या भागाच्या दरात लावणारच. फुकट काय मिळालं?

खरी बचत सॉ मिलमध्ये होती. ओंडका आधी चौकोनी करून कडा फेकण्याऐवजी, कडा न काढलेल्या फळीवरच गाडीच्या भागांचे साचे मांडून कापायचे. त्याने कचरा मुळातच कमी निघतो. हा मुद्दा पोस्टमध्ये का नसतो, कोण जाणे. कदाचित त्यात गंमत नाही म्हणून.

'आणि बार्बेक्यू सुरू झालं'

सुरुवातीला ब्रिकेट फोर्डच्या डीलरांकडे मिळत, 1930 च्या दशकात सहलीच्या शेगडीसोबतही विकले गेले. परसात भाजण्याची लाट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची. 1951 मध्ये फोर्डने हा धंदा विकला, आणि घेणाऱ्यांनी कंपनीला किंग्जफर्ड हे नाव दिलं. लाट जोरात आली, तोवर कोळशाच्या पोत्यावर फोर्डचं नाव उरलं नव्हतं.